मागचं झाकण

वहिनीने घड्याळ माझ्या घड्याळदुरुस्तीच्या मेजावर ठेवलं आणि स्टूल ओढून बसली. दादा लढाईवर गेला तो परत आला नाही. आलं ते हे मनगटी घड्याळ. आता सैन्याच्या संग्रहालयात ते काचेमागे ठेवणार होते, खाली दादाच्या नावाची पट्टी लावून. त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही. वहिनीला ती पट्टी बघून डोळे मिटायचे होते.

बाजारात लष्करी म्हणून नकली घड्याळं ढिगाने खपतात. म्हणून संग्रहालयाचे साहेब स्वतः दुकानात आले होते, तपासणी आपल्यासमोर व्हावी म्हणत.

मी किल्ली बाहेर ओढली. सेकंदकाटा जागीच थांबला. सगळ्या तुकडीला एकदम वेळ जुळवता यावी म्हणून ही सोय. पट्ट्याचे दांडेही कायमचे जोडलेले, धावपळीत निसटू नयेत असे. साहेब मान डोलावत होते. मला हायसं वाटलं.

मग मी घड्याळ पालथं केलं.

झाकण आरशासारखं लखलखीत. सैन्याच्या खुणेचं एक टोक तेवढं उरलेलं. ज्या नंबरावरून घड्याळ कोणाला दिलं ते कळतं, तो पार गेला होता.

“वहिनी, हे कशाने पुसतेस?”

“दात घासायच्या पुडीने. रोज. त्यांना कळकट वस्तू खपायची नाही, भाऊजी. तुम्ही आंघोळ चुकवलीत तर कान पिळायचे.”

साहेब समजुतीने बोलले. घड्याळ सैन्याचं, यात शंका नाही. पण झाकणावर नंबर दिसल्याशिवाय कोणाचं ते लिहिता येत नाही. ‘अज्ञात सैनिकाचं घड्याळ’ अशी पट्टी चालेल का? विचार करा म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

वहिनी माझ्याकडे सरकली. “नंबर मला पाठ आहे. इतकी वर्षं अंगठ्याखाली होता. तुमच्याकडे कोरायची सुई आहे ना? कोरा.”

सुई हाताशीच होती. मी तिला सांगितलं, ताजं कोरलेलं भिंगाखाली लगेच दिसतं. नकली घड्याळ आम्ही पकडतो ते त्यावरूनच. आज हे निदान सैन्याचं तरी आहे. मी सुई लावली की तेही राहणार नाही.

“खरा नंबर कोरला तरी खोटं?”

“हो.”

तिने तरीही नंबर म्हणून दाखवला, एकेक आकडा सावकाश. मी ऐकून घेतला. दुसरं काय करणार होतो?

साहेब आत आले. अज्ञात म्हणून नको, एवढंच ती त्यांना म्हणाली. घड्याळ उचलून सवयीने तिचा अंगठा झाकणावर गेला आणि मध्येच थांबला. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

“तुमच्याकडेच राहू द्या, भाऊजी. माझा हात काही आवरायचा नाही.”