गॅरेजवरची माडी

आण्णांनी गॅरेजचा नारळ फोडला त्या दिवसापासून विनोदिनीच्या जिवाला घोर लागला तो जिन्याचा. वरच्या माडीला जायचा जिना गॅरेजच्या पोटातूनच निघणार होता. खाली ट्रक, डिझेलचा वास, जमिनीवर सांडलेलं ऑइल, आणि त्यातून तिची चारू दुडुदुडु उतरणार. कठडा कधी बसेल? पायऱ्या किती उंच असतील? एक ना दोन, नाना शंका.

"मामंजी, जिना बाहेरून काढला तर?" एकदा तिनं धीर करून विचारलं.

आण्णांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. "भायेरनं काढला की चोरांची सोय. आतनं असला म्हंजे एक शटर वढलं की काम झालं. ट्रकबी आत, मानसंबी आत."

"सातारच्या कालिजात जिनंबी शिकवत्यात वाटतं," सासूबाई लक्ष्मीबाई चुलीपुढून म्हणाल्या.

विनोदिनीनं ते गिळलं. गिळायची सवय झाली होती, आणि आता थोडेच दिवस गिळायचं होतं. चारूच्या वेळी मिरजेच्या दवाखान्यात ती मरणाच्या दारातून परत आली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे मूल होणार नाही. तेव्हापासून सासूबाईंची जीभ मोकळी सुटली. "एक पोरगी दिली आन् दुकान बंद," असं त्या भाजीवालीलासुद्धा सांगत. शेवटी एक दिवस विनोदिनी नवऱ्याला, हरीला म्हणाली, "आपण वेगळं राहू या. लांब नको, इथंच कुठंतरी. पण माझी चूल वेगळी." हरी "बघू" म्हणाला. आणि होळी सरताच आण्णांनी भरल्या ताटावर जाहीर केलं, "घराम्होरं, मिरज रोडच्या अंगाला गॅरेज घालतोय. दोन ट्रक आन् जीप मावंल असं. वरची माडी सूनबाईला."

विनोदिनीच्या हातातला घास हातात राहिला. तिनं हरीकडं पाहिलं. तो ताटातल्या मिठाकडं बघत होता. लाजला असेल, असं तिला वाटलं. माणसानं शब्द राखला, एवढ्यानंच तिचे डोळे भरून आले.

गवंडी यल्लाप्पा सीमेकडचा. बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि वर फुकटची थट्टा. स्लॅब पडला त्या दिवशी बायांनी घमेली वाहून खांदे सोलून घेतले, संध्याकाळी आण्णांनी सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. मग स्लॅबवर मातीचे वाफे घातले, त्यांत पाणी तुंबवून ठेवायचं, तरच सिमेंट आवळणार. पाण्याला बाई लावू, असं हरी म्हणत होता.

"बाई कशाला?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "घर तिचं. तीच घालंल पानी. आपल्या घराला पानी घालायला काय लाज?"

विनोदिनीला खरोखरच लाज वाटली नाही. बी.ए. झालेली बाई कमरेवर कळशी घेऊन शिडी चढते, हे बघायला शेजारणी कुंपणाशी येत. ती चढत राहिली. वाफ्यांत पाणी ओतताना ती मनात भांडी मांडत असे. इथं ओटा, इथं चारूचा पाळणा, खिडकीला गज मात्र जवळजवळ हवेत, पोरीचं डोकं अडकता कामा नये.

भिंती वर आल्या तेव्हा यल्लाप्पानं विचारलं, "वैनी, देवळी कुठं काढू? उगवतीच्या भिंतीत काढतो, हं?"

खालून आण्णा गरजले, "देवळी नको. देव खालच्या घरीच ऱ्हात्याल."

वेगळ्या निघालेल्या मुलाला चुलीबरोबर देवांचे टाकही वाटून देतात, एवढं विनोदिनीला ऐकून माहीत होतं. पण ती हसली. "राहू दे यल्लाप्पा. मला कशाला हवेत देव? तेवढीच पितळ घासायची कटकट वाचली."

"देव न्हाई म्हंजे भाडेकरूची खोली झाली की वो, वैनी!"

सगळे हसले. तीही हसली. दोन दिवस तिला ते वाक्य खुपत राहिलं, पण मग कोल्हापूरहून शटर आलं, त्याला कुलूप बाहेरून लागतं हे तिनं पाहिलं, आणि तिच्या काळजीला नवं ठिकाण मिळालं.

वास्तुशांत झाली नाही. "गॅरेजाला कसली शांत?" म्हणत लक्ष्मीबाईंनी खंडेनवमीला ट्रकांना हार घातले, टायरखाली लिंबू ठेवलं, आणि विनोदिनीची ट्रंक वर पोचती केली. हरीची ट्रंक, हरीचा पलंग खालच्या घरातच राहिला. "जिन्याचा कठडा बसू दे, मग चढवू," तो म्हणाला. हे तिला पटलं. कठड्याची काळजी तिचीच तर होती.

त्याच आठवड्यात रहिमतपूरचे कोंडीबा नावाचे पाहुणे गॅरेज बघायला आले. म्हातारा, भला मोठा फेटा, गुळाचा व्यापार. आण्णांनी त्यांना वर धाडलं. विनोदिनीनं चहा केला, नवी चूल दाखवली, कपाट दाखवलं.

"तुमाला हितं कुनी बळंनं तर न्हाई ना धाडलं?" म्हातारा भिंत ठोकून बघत म्हणाला. "मनानं ऱ्हायला आलाय?"

"छे हो! मीच मागून घेतलं. मला वेगळंच हवं होतं."

"आन् देव?"

"देव खाली. मला नकोतच."

"मालक?"

"कठडा बसला की येतील," असं ती म्हणणार होती. पण परक्या माणसाला असलं कशाला सांगायचं? "त्यांचं काय, कामावरून आलं की खालीच सोयीचं पडतं त्यांना," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती भला माणूस, असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर एका सकाळी लक्ष्मीबाई वर आल्या. त्या आजवर कधी वर चढल्या नव्हत्या. "रहिमतपूरला कार्य हाय. तुझी बोरमाळ दे जरा. पावण्यांत बोडक्या गळ्यानं बरी दिसत न्हाई मी. आन् पोरीलाबी नेते, तेवढीच मिरवंल."

"मी येऊ का?"

"ट्रकमधी जागा हाय का? घर कुनी बघायचं?"

चारूला तिनं लोकरीची टोपी घातली, दोनदा सांगितलं की खिडकीत उभी करू नका, गार पाणी देऊ नका. ट्रक गेला. खाली शटर खडखडत उतरलं.

उन्हं कलताना ट्रक आला तो वाजत आला. विनोदिनी खिडकीशी धावली. बॉनेटवर केळीचे खुंट बांधलेले. धुळा नावाच्या ड्रायव्हरनं ट्रकची मागची फळी पाडली, आणि मुंडावळ्या बांधलेला हरी खाली उतरला. त्याच्या मागून हिरव्या शालूतली एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिच्या गळ्यात विनोदिनीची बोरमाळ होती. तिच्या कडेवर चारू होती, दोन्ही मुठींत बुंदी घेऊन.

समोरच्या घराच्या उंबऱ्यावर लक्ष्मीबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

विनोदिनी जिना कशी उतरली ते तिला कळलं नाही. शटर बंद. तिनं दोन्ही हातांनी पत्रा बडवला.

"वैनी, आवं वैनी," बाहेरून धुळाचा दबका आवाज. "नवरी देवाम्होरं बसू द्या. मग उघडाय सांगितलंय आण्णांनी. माझ्या पोटावर पाय आनू नगा."

शटर गुडघाभर उचललं गेलं तेव्हा हरी वाकून आत आला. मुंडावळ्या काढलेल्या, कपाळावर अक्षता तशाच चिकटलेल्या.

"कायदा आहे," विनोदिनी म्हणाली. "दुसरं लग्न करता येत नाही तुम्हाला. मी कोर्टात जाईन."

"जा की. शटर उघडं हाय. सातारला बापाकडं जा, कोर्टात जा, कुटंबी जा." तो आत उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रकच्या मडगार्डला टेकला. "चारू हितंच ऱ्हाईल. तिला आता आई हाय."

विनोदिनीला खाली बसावंसं वाटलं, पण जमिनीवर ऑइल होतं. लुगडं खराब होईल म्हणून ती उभी राहिली, आणि हे आपल्याला आत्ता सुचावं याचा तिला संताप आला.

"तूच म्हनालीस न्हवं, वेगळं ऱ्हायचं? आण्णांनी एवढा पैका घातला तुझ्यापायी." मग तो जरा मऊ झाला. "हे बघ. नवरीचा बाप येतोय तुला भेटायला. जुन्या वळणाचा मानूस हाय. तुझी राजीखुशी हाय म्हनून लेक दिली त्यानं. आज पुन्यांदा तेवढं तोंडानं सांग. पोरगी रातच्याला तुझ्यापाशी निजंल. न्हाई सांगितलंस, तर तुझं तू बघ."

कोंडीबा आले ते फेटा सावरत. मागं लक्ष्मीबाई, चारूला घट्ट कडेवर धरून. चारूची टोपी कुठं तरी पडली होती, नाक वाहत होतं.

"बाई, तुझं उपकार लय झालं," म्हातारा म्हणाला. त्यानं चक्क हात जोडले. "सवतीवर लेक द्यायची म्हंजे काळजाला भोक पडतं. पन तुझी चूल डोळ्यानं बघून गेलो, तवा धीर आला. तू सुखात हायस न्हवं? मनातलं सांग. अजून लेक घेऊन माघारी जाईन मी."

लक्ष्मीबाईंनी चारूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि घराकडं तोंड करून अर्धं पाऊल टाकलं.

"हो," विनोदिनी म्हणाली. "सुखात आहे."

म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. तो वाकून बाहेर पडला, हरी त्याच्यामागोमाग. लक्ष्मीबाईंनी चारूला तिच्या हातांत दिलं. "सर्दी झालीया. टोपी नीट बांधत जा जरा," त्या म्हणाल्या.

शटर खाली आलं. विनोदिनी अंधारात जिना चढू लागली. चारू तिच्या हातांत दोन्ही पाय झाडत होती. "खाली जायचं! बुंदी! खाली!" तिनं पोरीला छातीशी आवळलं आणि भिंतीला अंग घासत एकेक पायरी चढत गेली. दुसऱ्या बाजूला कठडा अजून बसला नव्हता.