उतरत्या चंद्राचे लाकूड

मित्रांनो, मी एक जुना रानचेरीचा वृक्ष. आता पूल झालो आहे, पण जात विसरलेलो नाही. माझे लाकूड जरा खरवडून पाहा, अजूनही कडू बदामाचा वास येतो.

अँडीज पर्वतातल्या धुक्याच्या रानात, एका उतारावर मी ऐंशी वर्षे ताठ उभा होतो. आमच्या लालसर लाकडाचे पंचक्रोशीत कौतुक होते आणि तेच माझ्या भाऊबंदांच्या मुळावर आले. कुणाची दारे झाली, कुणाचे नांगर. शेवटी त्या उतारावर आमच्या जातीचा मी एकटाच उरलो.

मग पुराने गावचा पूल नेला. गावाने मला निवडले. लाकूडतोड्या सिप्रियानो चार माणसे घेऊन आला. त्याने माझ्या मुळाशी कोकाची पाने ठेवली, मक्याची दारू शिंपडली, माफी मागितली. मला त्याचा राग आला नाही. पूल होणे मानाचेच! पण माझी फळे अजून हिरवी होती. ती कच्चीच पडली असती, तर आमचा वंश बुडाला असता. त्या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात धुके फाटले. भर दुपारी पूर्वेच्या डोंगरावर अर्धा चंद्र दिसला. दुपारी पूर्वेला दिसतो तो वाढता चंद्र. आठ दिवस धुक्यामुळे कुणाला चंद्र दिसलाच नव्हता. वाढत्या चंद्रात तोडलेल्या लाकडाला कीड लागते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल.

पाणी भरायला आलेली युलालिया आजी ओरडली, "काय रे सिप्रियानो, अक्कल गहाण ठेवलीस का? पुलाला कीड लागली तर पहिला तूच पडशील नदीत!"

"माझ्या हिशेबानं चंद्र उतरतोय, आजी."

"मग तुझा हिशेब ठेव घरी अन् वर बघ! पंधरा दिवस थांब. तोवर पाखरं तरी खातील चार फळं."

माणसे हसली. सिप्रियानो ओशाळून परत गेला.

त्या पंधरा दिवसांत माझी फळे काळीभोर पिकली. पाखरांनी नुसता धुमाकूळ घातला, बिया दरीभर नेल्या. तोवर चंद्र उतरणीला लागला होता, मग मी पडलो. अभिमानाने सांगतो, सिप्रियानोला कुऱ्हाडीला दोनदा धार लावावी लागली!

आज बारा वर्षे झाली, माझ्यात एक कीड नाही. काल सिप्रियानो शेळ्या घेऊन माझ्यावरून चालला होता. एक शेळी काठावरच्या तरण्या रानचेरीच्या पाल्याकडे वळली, तसा तो खेकसला, "ए हावरटे, सोड ते! आपल्या पुलाचं लेकरू आहे!"

मित्रांनो, झाड तोडायची वेळ कधी तुमच्यावरही येईल. तोडा. फक्त त्याआधी मान वर करून पाहा, त्याची फळे पिकली आहेत ना.