तीन मिनिटांत तीन वर्षं

नोएमीच्या तळघरात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं गाव लोटलं होतं, पाद्रीबाबासुद्धा बादली उलटी घालून बसले होते. आणि सगळ्यांच्या पुढे, मान ताठ करून, मी. माझं नाव एवाझियो. वाइनला आमच्या टेकडीचं नाव लावू द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर मी एकवीस वर्षं आहे. माझ्या नाकाचा गावाला अभिमान आहे, आणि गावापेक्षा मला जास्त.

नेब्बिओलो द्राक्षाची आमची वाइन निदान दोन वर्षं लाकडी पिंपात राहिलीच पाहिजे, असा नियम. त्यापुढे किती ठेवायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. नोएमीच्या पिंपाची दोन वर्षं भरली होती, पण वाइन अजून जिभेला ओरबाडत होती. तिच्या वडिलांच्या हातची ती शेवटची सुगी. सोमवारी नमुना समितीकडे पाठवायचा की अजून थांबायचं, या घोरात पोरगी अर्धी झाली होती. समितीने अपात्र म्हटलं की टेकडीचं नाव गेलं, बाटलीवर नुसतं ‘तांबडी वाइन’ आलं.

म्हणून मी मोठ्या उत्साहाने उस्ताद आमादिओंना बोलावलं. हो, मीच.

उस्तादांकडे काशाची घंटा होती. “वाइन झोपलेली असते,” डोळे मिटून ते म्हणाले. “लाकूड तिला तीन वर्षांनी जागं करतं. माझी घंटा तीन मिनिटांत! चंद्राचा आणि द्राक्षाचा स्वर एकच, हे विज्ञानाला अजून कळायचंय.”

“विज्ञानाला बिचाऱ्याला सवड नसते,” मागून डॉक्टरीणबाई तेक्ला म्हणाल्या. मी वळून त्यांच्याकडे डोळे वटारले.

उस्तादांनी प्रत्येकाला गोड सफरचंदाची फोड दिली. “आधी मुख शुद्ध करा.” मग वाइनचा घोट. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मग तीन मिनिटं घंटा. मग परातभर जुनं चीज फिरलं. “निसर्गाचे उपकार मानून खा!” आणि पुन्हा त्याच पिंपातला घोट.

काय सांगू! मखमल. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला. मी उभं राहून जाहीर केलं, “जांभळी फुलं, तंबाखू, आणि किंचित नाद!” नाद चाखता येतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

“मला तर काही फरक वाटला नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तुमची जीभ औषधांनी मेली असेल, बाई,” मी म्हणालो. लोक हसले. नोएमीने माझा हात धरला. “काका, मग सोमवारी पाठवू ना नक्की?”

“डोळे मिटून पाठव!”

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना पुन्हा तळघरात बोलावलं. त्यांच्या हातात पोलेंता, म्हणजे आमची मक्याची लापशी, ढवळायचा लाकडी डाव होता. मला पुढे ओढून त्यांनी माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

“आ करा.” सफरचंद. मग घोट.

“कच्ची!” मी म्हणालो. “ही काल घंटेआधी काढून ठेवलेली, मी पैज लावतो.”

“आता मी डाव वाजवते.” पिंपावर ठकठक झाली. तोंडात चीज आलं. मग घोट.

“आहाहा! उस्ताद, तुम्ही मागून घंटा वाजवलीत, कळलं मला. नाद काय मुरलाय!”

तळघर हसण्याने दणाणलं. फडकं सुटलं तेव्हा माझ्या नाकासमोर तो डाव होता, पोलेंता चिकटलेला.

“आता उलटं करू,” बाई म्हणाल्या. सगळ्यांना आधी चीज, मग घोट. मग उस्तादांच्याच हातून घंटा. मग सफरचंद, आणि पुन्हा घोट. पाद्रीबाबांचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं.

“घ्या! तुमच्या घंटेने वाइन तान्ही केली, उस्ताद.”

“श्रद्धा नसेल तर घंटा चालत नाही,” उस्ताद पुटपुटले.

“चीज नसेल तर, म्हणा.” बाई आमच्याकडे वळल्या. “कोवळ्या वाइनमधला तुरटपणा जीभ कोरडी करतो. चीजमधली प्रथिनं आणि चरबी त्याला आवरतात, म्हणून वाइन मऊ लागते. सफरचंदाच्या गोडीनंतर तीच वाइन आंबट आणि खरखरीत लागते. पिंपात काही बदललं नाही, बदललं ते तुमच्या तोंडात. जुन्या चीजने माझं डोकं दुखतं, म्हणून काल मी ते खाल्लं नाही. एवढीच माझी हुशारी.”

आणि आम्हाला कुणाला हे कसं सुचलं नाही? कारण आमच्या गावात काही न खाता वाइन पिणारा माणूस दारुडा समजला जातो. खायला पुढे आलं की आम्ही खातो, त्यात विचार कसला करायचा!

पण माझी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. समितीच्या टेबलावर फक्त पाणी आणि बिनमिठाचा पाव असतो. चीज आणायला बंदी. हा नियम मी एकवीस वर्षं नवख्यांना पाठ म्हणून दाखवतो. का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सोमवारी त्याच टेबलावर, त्याच पावाबरोबर, मीच नोएमीची वाइन नापास केली असती. तिच्या बापाची सुगी माझ्या ऐटीपायी बुडाली असती.

उस्ताद घंटा गुंडाळून निघाले. नोएमी माझ्याकडे न बघता पिंपाजवळ गेली आणि तिने बूच ठोकून बसवलं.

“थांबते,” एवढंच म्हणाली.

दोन हिवाळे गेले. समितीत नावं झाकलेली असतात, पेल्यावर फक्त आकडा. सात नंबरचा पेला मी पाव खाऊन, पाणी पिऊन चाखला आणि कागदावर ‘पात्र’ लिहिलं. बाकी चौघांनीही तेच लिहिलं. या वेळी मी फुलांबद्दल अक्षरही लिहिलं नाही. सात नंबर कोणाचा, ते संध्याकाळी नोएमी दारात रडत हसत उभी राहिली तेव्हा कळलं.

तिच्या तळघरात आता तो डाव खिळ्याला टांगलाय. कोणी विचारलं की ती म्हणते, “एवाझियोकाकांना विचारा.” आणि मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. शेवटी मी एवढंच सांगतो: बाबांनो, चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण उलट क्रमाने पुन्हा करायला लावा. आणि त्याआधी तुमच्या तोंडात कोणी काय घातलं, ते आठवा.