कॉलनीच्या बूथवरचं एक मत

वेल्डरने चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन सरळ फिटरला मिठी मारली. मतमोजणी दुपारीच आटोपली होती. पठ्ठ्याने सपाटून मार खाल्ला होता, तरी चेहऱ्यावर हसू.

"बस की," फिटर म्हणाला. त्या मिठीत त्याला कसंतरीच झालं.

वेल्डर म्हणजे त्याचा जुना जोडीदार. फिटरची दोन बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा भरपाईसाठी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडला तो हाच. फिटरला भरपाई मिळाली आणि वेल्डरची नोकरी गेली. कंपनीच्या कॉलनीतली खोली सुटली, मतदार यादीतलं नावही दुसऱ्या वस्तीत गेलं. मग गडी निवडणुकीलाच उभा राहिला, तेही मालकाच्या मेव्हण्यासमोर. फिटरने बायकोदेखत त्याला शब्द दिला होता, "आमची दोन्ही मतं तुलाच."

पण मतदानाच्या आदल्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांना गेटवर उभं करून सांगितलं, "कॉलनीच्या बूथचा आकडा वेगळा कळतो. तो बघूनच कंत्राटी कामगारांची नवी यादी लागेल." दुसऱ्या दिवशी फिटरचा हात वेल्डरच्या नावापर्यंत गेला आणि थबकला. त्याने मेव्हण्याचं बटण दाबलं. बाकीचे देतीलच की वेल्डरला, अशी स्वतःची समजूत घालत तो घरी आला.

"कॉलनीचा आकडा बघितलास?" वेल्डरने खिशातून कागद काढला. "चारशे बारा मतं पडली. त्यातलं मला एक."

फिटरची बायको चहा घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली.

"एकच?"

"एक तर एक, वहिनी. सगळे तोंडावर गोड बोलले नि फिरले. तुम्हाला संसार बघायचा, तुमचं मी समजू शकतो. पण हा शब्दाला जागला. नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून जागला."

बायको आपल्याकडेच बघते आहे, हे मान वर न करताही फिटरला कळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. खरं काय ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"चहा घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "निवतोय."

वेल्डर गेला. तिने कप विसळले, पुसून जागेवर ठेवले.

"आता यादीत नाव येईल तुमचं," ती म्हणाली, आणि त्याचा उद्याचा डबा घासायला घेतला.