मधली चित्रं

मोनालीला गोष्ट सांगणाऱ्याची खैर नव्हती. त्यात तिने सीताबर्डीत ॲनिमेशनचा कोर्स केला, म्हणजे आधीच मर्कट, तशात मद्य प्यालेलं. सेकंदाला बारा चित्रं काढायची, म्हणून ती प्रत्येक सेकंदाचा जाब विचारायची.

सध्या तिने आजोबांना धरलं होतं. देवराव एकाहत्तरच्या लढाईत होते. तिथे त्यांचा दोस्त, उमरेडच्या विणकराचा गिरिधर, मारला गेला. त्याची तीन मिनिटांची फिल्म येत्या रविवारी उमरेडच्या शाळेत पोरांना दाखवायची होती. पाहायला गिरिधरची म्हातारी बहीण रुख्माबाईही येणार होती. भावाच्या जागी ती दरवर्षी देवरावांनाच राखी बांधायची.

नागपुरात बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये चित्रं ओळीने लावताना मोनाली अडली.

"आबाजी, गिरिधर तुमच्या पुढं होता ना?"

"हो. धा पावलं."

"आन् पडला तुमच्या मागं. मग तो मागं आला कसा? मधली चित्रं कुठं आहेत?"

"धावपळीत झालं असन. कायले इतकं इचारून राहिली वं?"

"मले काढा लागते ना! तुम्ही गिरिधर व्हा, चालून दाखवा. मी मोबाइलवर घेते आन् पाहून काढते."

देवरावांना गंमत वाटली. ते सोफ्यापासून दहा पावलं मोजून खिडकीपाशी गेले, थांबले आणि वळले. वळताच त्यांचा चेहरा पार उतरला.

"काय झालं, आबाजी?"

"माहा पाय चिखलात रुतला होता. मी हाक मारली. तो तं सुटला होता, पोरी. माह्या हाकेनं वापस आला. मले उपसलं, पुढं ढकललं, आन् गोळी त्याले लागली." ते खाली बसले. "तुह्या आजीलेही नाही सांगितलं कधी. रुख्माबाईनं राखी बांधली का मान वर होत नाही माही."

मोनालीला आपल्या चौकसपणाची लाज वाटली. "तेवढा वेळ मी पडदा काळा ठेवते. कोणी नाही विचारणार."

"मंग पोरायले काय कळन?"

"गिरिधर मेला, एवढंच."

"तो वापस आला, हे नाही?"

"नाही."

देवरावांनी कोरे कागद तिच्याकडे सरकवले. "काढ मधली चित्रं," ते म्हणाले. "पण उद्या पहिल्या बसनं उमरेडले जाऊ. रुख्माबाईले मी सोता सांगतो. राखी बांधन नाही तं नाही." मग त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवलं. "यात आवाज भरता येते? हाक मीच मारतो."

त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "गिरिधर, मले सोडून नको जाऊ गा!"

हाक ऐकून समोरच्या फ्लॅटमधला विक्की अनवाणीच धावत आला.