समुद्राने दिलेली चार दिवसांची नोटीस

छोट्या डॉक्टरीणबाईंचा करार त्र्याण्णव पानांचा होता. इतका जड, की नर्सबाई म्हणे त्यावरूनच वजनकाटा खरा की खोटा ते ताडून बघायच्या. सह्या सगळ्यांनी ठोकल्या होत्या, वाचला मात्र कुणी नव्हता. फॅमिली डॉक्टरकी शिकणाऱ्याला वर्षाला सत्तावीस दिवस रजा, पण अर्ज सहा आठवडे आधी, एवढं तोंडपाठ असलं की पुरे, असा एकूण समज.

समुद्राला हे कुणी कळवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. "छोटे, शुक्रवारी! भरती, वारा, सगळं जुळलंय. नाववाला म्हणतो, आता नाही तर पुढल्या वर्षी!"

आई अठ्ठावन्न वर्षांची. तीन वर्षांपूर्वीपर्यंत भरलेल्या बादलीकडेही ती जपून बघायची. आता एकोणीस किलोमीटर पोहून पलीकडच्या बेटावर जाणार होती. सोबतच्या नावेत डॉक्टर हवा, हा अशा पोहण्याचा नियम. आईचा नियम त्याहून कडक, "तू नसलीस तर मी पाण्यात बोटसुद्धा बुडवणार नाही."

छोटी धावत मॅनेजरबाईंकडे गेली.

"सहा आठवडे आधी," बाईंनी मान वर न करता सांगितलं.

"अहो, पण समुद्र चारच दिवस आधी सांगतो!"

"मग समुद्राला म्हणावं, अर्ज कर."

जेवणाच्या सुट्टीत छोटीने डबा तसाच ठेवला आणि करार उघडला. एकसष्टाव्या पानावर ती अशी ओरडली, की बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांचा आठ महिने बंद असलेला कान खाडकन उघडला. ते तपासून न घेताच घरी गेले.

ती तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली. डॉक्टर तिचे शिक्षक, दवाखान्याचे प्रमुख. एकतीस वर्षांत त्यांनी एक रजा घेतली नव्हती. कांजिण्या आल्या तेव्हाही खिडकीच्या काचेआडून त्यांनी शंभर जिभा पाहिल्या होत्या म्हणे.

"शुक्रवारी?" ते उसळले. "अगं, तुझ्या यादीत बावीस पेशंट आहेत! तुझ्यावाचून हा दवाखाना तासभर चालायचा नाही!"

"सर, एवढंच लिहून द्याल?"

"का गं?"

"पान एकसष्ट. शिकणारा डॉक्टर जादाचा धरावा. त्याच्यावाचून काम अडत असेल, तर अशा दवाखान्याला शिकाऊ डॉक्टर देऊ नये. आणि खाली लिहिलंय, काम अडत नसेल तर प्रमुखांना नोटिशीची अट माफ करता येते. आता अडतं की नाही, तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दोनदा वाचलं.

"ही खालची सही माझी?"

"तुमचीच, सर."

"झकास आहे." आणि ते असे हसले, की दारात आलेल्या मॅनेजरबाई दचकल्या. "बाई, या पोरीला आपण दोन वर्षं पूर्ण डॉक्टरासारखी राबवली की हो! शुक्रवारचे बावीस माझ्याकडे. सोमवारपासून हिच्या यादीत बाराच. आणि तू बघत काय उभी राहिलीस? पळ!"

शुक्रवारी उजाडता उजाडता आईने उडी घेतली. सात तास छोटी नावेच्या काठाला चिकटून ओरडत होती. तिच्या आवाजाने मासे वाट सोडत होते, असं नाववाला अजून शपथेवर सांगतो.

किनारा हातभर उरला आणि आईचे पाय लटपटले. ती गुडघाभर पाण्यात बसली. छोटीने बुटांसकट पाण्यात उडी टाकली. पण कोरड्या वाळूवर पोचेपर्यंत कुणाचा हात लागला, तर सगळं फुकट. तिने दोन्ही हात पाठीमागे आवळून धरले.

"ऊठ ना गं आई! मी आहे इथे, ऊठ!"

आई उठली. एक पाऊल टाकलं, पडली, रांगली, पुन्हा उठली. कोरड्या वाळूवर टाच टेकवून तिने वळून पाहिलं.

"आता धर, बये."