बंद कॉक

आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं व्हॉल्व्ह बंद करत होते. उघडतही असतील, पण घरी गोष्टी बंद केल्याच्याच सांगितल्या. दुरुस्तीला कुणी पाइपात उतरणार असलं की आधी ह्यांनी व्हॉल्व्ह बंद करायचा, त्यावर लाल पाटी अडकवायची आणि सही करायची. पाटी लावली म्हणजे व्हॉल्व्ह बंद, मग त्यावर चर्चा नाही. रिटायर झाल्यावर हे शास्त्र जेल रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलं. शेगडीवरची पाटी मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली. मोटरसायकलच्या पेट्रोल कॉकवरची मात्र राहिली.

गाडी चौतीस वर्षांची. अख्खी नोकरी ह्यांनी तिच्यावर केली. गेल्या महिन्यापासून ती रात्रभर उभी राहिली की सकाळी खाली पेट्रोलचं डबकं व्हायचं. किक मारून मारून ह्यांचा गुडघा सुजला. प्लग काढावा तर ओलाचिंब. सोसायटीच्या सेक्रेटरी लतिकाताईंनी चिठ्ठी दिली की रविवारपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी पार्किंगमधून काढा. काढा म्हणजे भंगारात, कारण पुण्याहून आमच्या मुलानं, मयुरेशनं, फोनवरच गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं. हे फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, पण मी काही बोलले असते तर हे चिडले असते.

मग कार्बोरेटर उघडला. पाच दिवसांत पाच वेळा उघडला, त्यातलं दोनदा माझ्या जेवणाच्या ताटात. आत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि त्याची सुई तोंड बंद करते, हे मला आता झोपेतही सांगता येईल. दर वेळी त्या सुईखाली काळा कण अडकलेला निघायचा. हे तो पुसायचे, सगळं जोडायचे, "झालं" म्हणायचे. सकाळी पुन्हा डबकं. तिसऱ्या दिवशी नवी सुई आणली. तिच्याखालीही काळा कण.

शनिवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, हे काळं येतं कुठून?"

"वरून."

"वर काय आहे?"

"टाकी. आणि कॉक. पण कॉक बंद असतो."

"कशावरून?"

ह्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

मी कॉकपासून कार्बोरेटरला जाणारी नळी ओढून काढली, कॉकखाली आमटीची वाटी धरली आणि म्हटलं, "बघा." टप. बऱ्याच वेळानं पुन्हा टप. वाटीत पेट्रोल, आणि पेट्रोलात काळे कण. कॉकमधलं रबर झिजून भुगा होत होतं. तो भुगा सुईखाली बसायचा, सुई अर्धी उघडी राहायची आणि बंद कॉकमधून पाझरलेलं पेट्रोल रात्रभर खाली गळायचं.

मला वाटलं होतं, हे माझ्यावर खेकसतील. ह्यांनी पाटी काढून खिशात घातली आणि द्वारका चौकात जाऊन नवं रबर आणलं. बसवलं, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. रविवारी लतिकाताईंनी वाकून फरशी पाहिली, वास घेतला आणि म्हणाल्या, "कोरडं आहे. राहू द्या गाडी."

एवढं होऊन ह्यांनी दुपारी ताटाला हात लावला नाही.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"उज्ज्वला, तो कॉक बंद आहे अशी मी शपथ घेतली असती," हे म्हणाले. "तिथं केंद्रात माझ्या सहीवर माणसं आत उतरायची."

आठवडाभर ह्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"कोण कोण उतरायचं?"

"कोंडाजी."

"तो परवाच बाजारात भेटला. मेथी महाग झाली म्हणून भांडत होता."

"गोरक्ष."

"त्याच्या नातवाच्या बारशाला जेवून आलो आपण."

"कारभारी."

"पेठला भात लावतोय. तांदूळ पाठवला नाही का दिवाळीत?"

अशी सतरा नावं झाली. मी प्रत्येकाचं सांगितलं, सगळे धडधाकट. अठरावं ह्यांना सुचेना, तेव्हा ह्यांनी पोळी मोडली.